धुऊन टाकलेला नमुना

ओलं सुती कापड, साबण आणि फाल्गुनातलं ऊन यांचा मिळून एक वास होतो. जगातला सर्वांत निष्पाप वास तो, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले होते. सासूबाईंच्या तेराव्यानंतरच्या सकाळी आमच्या अलीगंजच्या घराची गच्ची त्या वासाने काठोकाठ भरली होती. त्यांच्या अकरा सुती साड्या, दोन गोधड्या, नऊवारीच्या तुकड्यांची दुलई, उशांचे अभ्रे, अगदी देवपूजेच्या वेळी खांद्यावर टाकायचं पांढरं फडकंसुद्धा मी पहाटेपासून धुऊन वाळत घातलं होतं. सुतक फिटलं की घरातलं कापड न् कापड पाण्यातून काढायचं, हे माझ्या माहेरी शिकवलेलं. मी ते मन लावून केलं. पिळताना प्रत्येक साडीला मनातल्या मनात निरोपही दिला.

मग बाबा, म्हणजे माझे सासरे, अनवाणी जिना चढून वर आले. साड्यांच्या दोन ओळींमधून ते हळूहळू चालत गेले. प्रत्येक साडीपाशी थांबून नाक टेकवत होते, पुढे सरकत होते. वारा होता. साड्या त्यांच्या खांद्यांना लागून मागे जात होत्या, जशी गर्दीतली माणसं एखाद्याला वाट करून देतात.

शेवटच्या दोरीपाशी ते वळले.

“अभ्रासुद्धा धुतलास?”

“हो बाबा. सगळंच धुवायचं असतं ना.”

“प्रमाण नमुना होता गं तो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. चुकलेल्या विद्यार्थ्याला चूक दाखवावी, इतकंच.

मला त्या दिवशी त्याचा अर्थ कळला नाही.

बाबा सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ. सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म औषधांचे रेणू जोडण्यात घालवला. लखनौला आले तेव्हा माझा नवरा तीन वर्षांचा होता. सासूबाईंनी त्या परक्या गावात साताऱ्याकडची मराठी तशीच्या तशी राखली. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करतानाही अधूनमधून “अरे बाबा” म्हणायच्या आणि भाजीवाला त्यांना “बाबावाली अम्मा” म्हणायचा. मी सून म्हणून आले ती कवितेची पदवी घेऊन. रसायनशास्त्र या शब्दातला मला फक्त ‘रस’ ओळखीचा होता.

चैत्रात बाबांनी मागच्या खोलीत टेबल मांडलं. जुन्या काचनळ्या, थेंब टाकायच्या नळ्या, तपकिरी बाटल्या आणि गाळणकागदाच्या बोटभर पट्ट्या. वर्तमानपत्र वाचायच्या वेळी ते तिथे बसू लागले. पहिल्यांदा वाटलं, माणूस एकटेपणावर उपाय शोधतो आहे, शोधू दे. मग एका दुपारी मी त्यांच्यासाठी ताक घेऊन गेले आणि दारातच थबकले. खोलीत खोबरेल तेलात तळलेल्या मेथीचा वास होता. सासूबाई रविवारी असंच तेल करायच्या. पण स्वयंपाकघरात गॅस थंड होता, आणि सासूबाईंना जाऊन सव्वा महिना झाला होता.

“ये,” बाबा म्हणाले. “तुझं नाक चांगलं आहे. ती सांगायची, हिला शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा ओळखू येते. बस इथे.”

तेव्हा त्यांनी सगळं समजावून सांगितलं. प्रयोगशाळेत एखादा पदार्थ तयार केला, की तो खरंच तोच आहे का हे ठरवायला शेजारी एक अस्सल, शंकेपलीकडचा नमुना ठेवावा लागतो. दोन्ही जुळले तरच आपलं काम खरं. सासूबाईंच्या उशीचा अभ्रा हा त्यांचा नमुना होता. तो मी तेराव्या दिवसानंतर साबणाच्या पाण्यात घातला.

“आता नमुना दोनच ठिकाणी उरलाय,” ते म्हणाले. “माझ्या डोक्यात आणि तुझ्या नाकात. माझ्या डोक्याचं तर तुला ठाऊकच आहे.”

ठाऊक होतं. बाबांचं विसरणं एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कापराचं सूत्र, दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, ते झोपेतून उठवलं तरी सांगत. पण त्या दुपारी पट्टी हातात धरून त्यांनी मला विचारलं, “तिला चष्मा होता का गं?” सत्तेचाळीस वर्षांच्या संसारातली, चष्म्याशिवाय कुणीही कधी न पाहिलेली ती बाई. मी हो म्हणाले. ते म्हणाले, “अच्छा,” आणि वहीत लिहून घेतलं.

चेहरा पुसला जातो आहे, हे त्यांना कळत होतं. तो संपूर्ण पुसला जाण्याआधी त्यांना तिचा वास बांधून ठेवायचा होता. मी धुऊन टाकलेली वस्तू मला परत आणून द्यायची होती. म्हणून मी रोज दुपारी त्या खोलीत बसू लागले.

उन्हाळा चढला. कूलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या ओल्या झाल्या की घरभर मातकट गारवा पसरायचा. त्या गारव्यात आम्ही दोघं एका बाईची यादी करत होतो. खोबरेल आणि मेथी. कापूर. बोटांना कायमचा लागलेला हिंग. शिकेकाई, नागरमोथा. गुडघ्याला चोळायच्या मलमातला पुदिन्याचा अर्क. साडीची खळ. आणि या सगळ्याखाली काहीतरी कोमट, किंचित आंबूस, ज्याला आमच्याकडे नाव नव्हतं.

एकदा मी चहात घालायला म्हणून नवा गूळ आणला. डब्यावर इंग्रजी अक्षरांत ‘ऑरगॅनिक’ छापलेलं. बाबांनी तो डबा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि कित्येक दिवसांनी हसले.

“म्हणजे बाकीचा गूळ काय दगडाचा असतो? अगं, गूळ सेंद्रियच. रॉकेलही सेंद्रिय. ढेकणांचं औषधही सेंद्रिय. यांच्या डब्यावर छापायचं तर रॉकेलच्या डब्यावरही छापा.”

“मग सेंद्रिय म्हणजे नेमकं काय?” मी विचारलं.

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. एका पळीत साखर, दुसरीत मीठ. दोन्ही आचेवर धरल्या. साखर वितळली, सोनेरी झाली, मग काळी, मग फुगून कोळसा. मीठ तडतडलं आणि पांढरंच राहिलं.

“काळं पडलं तो कार्बन. सेंद्रिय पदार्थाचा सांगाडा कार्बनचा. कार्बनाला चार हात. एका हाताने दुसऱ्या कार्बनाला धरतो, बाकीच्यांनी बहुधा हायड्रोजनला. अशा साखळ्या, अशी कडी. पण नुसता कार्बन असून भागत नाही हं. खडूत कार्बन आहे, खायच्या सोड्यात आहे, आपण सोडतो त्या श्वासात आहे. त्यांना कुणी सेंद्रिय म्हणत नाही.”

“का?”

“संकेत. पूर्वीचे लोक म्हणायचे, जिवंत देहातच तयार होतं ते सेंद्रिय. त्यात म्हणे एक जीवशक्ती असते, ती काचपात्रात उतरत नाही. मग एकाने अमोनियाचा एक निर्जीव क्षार तापवला आणि त्यातून मूत्रातलं द्रव्य निघालं, युरिया. ना मूत्रपिंड, ना प्राणी. संपली जीवशक्ती.” पळी अजून हातात होती. “गंमत अशी की युरियातला कार्बन हायड्रोजनला थेट धरतच नाही. व्याख्येत नीट बसत नाही तो. तरीही त्याला आम्ही सेंद्रियच म्हणतो. का, तर मुळात तो देहातून आला होता. रेणूला आईबाप नसतात, असं मी दर वर्षी नव्या पोरांना शिकवायचो. देहात झाला काय नि बाटलीत झाला काय, रेणू तोच.”

“आणि आपण? माणूस?”

“आपण बहुतांशी पाणी. पाणी सेंद्रिय नाही. उरलेल्यातली हाडं, तीही बरीचशी खनिज. सेंद्रिय म्हणावं असं जे काही असतं ते आगीत जातं. जे मडक्यात भरून देतात ना आपल्या हातात…” त्यांनी मिठाची पळी सिंकमध्ये ठेवली. “मिठाला वास नसतो, बघ. काचेला नाही, हाडांच्या राखेला नाही. वास येतो म्हणजे त्या वस्तूचा एक कण सुटून तुझ्या नाकात येऊन बसलेला असतो. वास घेतला की ती वस्तू आत आलेलीच असते.”

त्यानंतर त्या खोलीत श्वास घेताना मी किंचित थांबू लागले.

वैशाखात कामवालीने काम अर्धं सोडलं. झाडू भिंतीला टेकवून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “भाभी, ऊपर-नीचे सब कर देंगे. बाबूजी वाले कमरे में नहीं जाएँगे.”

“क्यों? क्या हुआ?”

“बाबूजी अम्मा को पका रहे हैं.”

मी हसले. ती हसली नाही. “आप भी तो वहीं बैठती हैं,” ती म्हणाली आणि माझ्या हातांकडे पाहत राहिली.

ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर गेलीच. तो अमौसीच्या विमानतळावर सामानाच्या तपासणीचं काम करतो, पाळ्यांमध्ये. घरी येतो तेव्हा बुटांबरोबर दिवसही दाराबाहेर काढून ठेवतो. आईच्या जाण्यानंतर मी त्याला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला, उंबरा न ओलांडता.

“हे काय चाललंय, बाबा?”

“काम.”

“कसलं काम? गॅसवर स्पिरिट तापवताय. काल पळी जळली. परवा दार उघडं ठेवून गल्लीच्या टोकाला उभे होतात, घर कुठलं ते आठवेना म्हणून. यार, किती दिवस हे असं?” मग माझ्याकडे वळून, “आणि तू? तूसुद्धा?”

“तुला वास येतो का?” मी विचारलं.

“मला काही वास येत नाही,” तो तोडून म्हणाला.

त्याने ठरवलं होतं. रविवारच्या विमानाने बाबांना पुण्याला ताईकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, न्यायचं. तिकडे तिच्या सोसायटीत डॉक्टर आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास माणूस ठेवता येईल. आणि इकडच्या बाटल्या टाकून द्यायच्या. “ज्वालाग्राही आहे हे सगळं. केबिनमध्ये नेता येत नाही, सामानातही नाही. मीच अडवेन.” शेवटचं वाक्य त्याने विनोद म्हणून म्हटलं असावं.

बाबांनी एवढंच विचारलं, “आज वार कोणता?”

“सोमवार.”

“मग वेळ आहे,” ते म्हणाले.

मंगळवारी मी त्यांना चौकात, लखनौच्या जुन्या बाजारपेठेत, घेऊन गेले. ई-रिक्षा, मग अरुंद गल्ली, मग काचेच्या कुप्यांनी भिंती झाकलेलं अत्तराचं दुकान. यादीतलं ते कोमट, निनावी असं काही मिळतं का, हे बाबांना विचारायचं होतं. दुकानदार त्यांच्याच वयाचा. त्याने आमच्या चार पट्ट्या एकेक करून हुंगल्या, डोळे मिटले, उघडले.

“प्रोफेसर साहब, यह क्या बनाया है आपने?”

“बीवी,” बाबा म्हणाले. तितक्याच साधेपणाने.

तो माणूस चकित झाला नाही. त्याने पट्ट्या आदराने परत केल्या. “गुलाब बना देंगे, खस बना देंगे, भीगी मिट्टी तक बना देंगे. बीवी हमसे नहीं बनती, हुज़ूर. हमारी तो जो बनी-बनाई है, उसी से नहीं बनती.” बाबा हसले, मीही हसले. मग त्याने एक कुपी उघडून काचेच्या काडीने स्वतःच्या मनगटाला टेकवली. “मगर एक बात कहूँ? काग़ज़ पर क्यों ढूँढते हैं? शीशी में इत्र सोया रहता है. कलाई पर जागता है.”

“ऐसा कुछ नहीं होता,” बाबा म्हणाले. “मॉलिक्यूल वही रहता है.”

“जी, आप बेहतर जानते हैं,” दुकानदार म्हणाला, आणि त्याने पैसे घेतले नाहीत.

बुधवारी दुपारी त्यांनी सारं मिश्रण एका कुपीत एकत्र केलं, पट्टी बुडवली, माझ्यापुढे धरली. मी वास घेतला. देवघर होतं, स्वयंपाकघर होतं, न्हाणीघर होतं. एक आख्खं घर होतं, आणि त्यात कुणी नव्हतं.

“कागद,” बाबा पुटपुटले. “कागदही सेंद्रियच. सेल्युलोज. सेंद्रिय आहे, पण जिवंत नाही.” त्यांनी मान खाली घातली. जन्मभर शिकवलेला पहिला धडा मागे घेताना माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. “पोरी, तुझं मनगट लागेल. नाही म्हणालीस तरी चालेल.”

त्यांनी माझ्या हाताला स्पर्श केला नाही. काचेची काडी टेबलावर माझ्याकडे सरकवली. मी ती कुपीत बुडवून डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि आम्ही वाट पाहत बसलो. कूलर घरघरत होता. बाहेर लू सुटली होती. खिडकीची काच आतून हाताला तापलेली लागत होती.

पहिल्यांदा कापूर उडाला. मग पुदिना. मग हिंग मऊ झाला, तेल त्वचेत मुरलं. आणि साधारण पाव तासाने त्या सगळ्याखालून ते आलं, यादीत नाव नसलेलं, कोमट, किंचित आंबूस. कुपीत ते नव्हतं. ते माझं होतं, माझ्या घामाचं; आणि तरी ते माझं नव्हतं. मनगट नाकाशी नेलं तेव्हा मला स्पष्ट वाटलं की दुसऱ्या कुणीतरी आपला हात माझ्या तोंडाजवळ धरला आहे. ताप आला की सासूबाई धरायच्या तसा.

बाबांनी खुर्ची मागे सरकवली. शर्टाची कॉलर सारखी केली, वरचं बटण लावलं. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे न बघता, चार दशकांच्या सवयीचा कंटाळा आणि हक्क आवाजात आणून विचारलं, “चहा टाकलाय का?”

“टाकते,” मी म्हणाले. त्या एका शब्दाचा हेल माझा नव्हता. साताऱ्याकडचा होता.

स्वयंपाकघरात येऊन मी हात धुतला. साबणाने, मग बेसनाने, मग लिंबाने. वास उतरायला संध्याकाळ झाली. गुरुवारी आणि शुक्रवारी मी त्या खोलीत गेले नाही. बाबांनी बोलावलं नाही. दुपारी त्यांच्या बंद दाराआडून बोलण्याचा आवाज येई, मधूनमधून थांबणारा, जणू उत्तरासाठी जागा सोडलेली.

शनिवारी नवऱ्याने बाबांची बॅग भरली. औषधं, चष्मा, दोन स्वेटर, पुण्याला मे महिन्यात न लागणारे. मग तो दुपारपाळीला गेला. जाताना सांगून गेला की रात्रीच्या आत येईन आणि त्या बाटल्या माझ्या हातानेच फेकेन. तो गेल्यावर बाबा माझ्यापाशी आले. मुठीत कुपी होती. तळाशी काडीभर उरलेलं.

“उद्या मी कुठे जाणार आहे?”

“पुण्याला, बाबा. ताईंकडे.”

“ती येणार आहे का बरोबर?”

त्यांच्या डोळ्यांत वेड नव्हतं. प्रवासाला निघालेल्या नवऱ्याची ती साधी, व्यवहारी विचारणा होती. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, त्यांना आठवलं, आणि ते आठवणं मी पाहिलं. पहिल्यांदा कळावं तसं ते त्यांना कळलं.

“एकदाच,” ते म्हणाले. “मग ओतून टाक.”

ती बाई एकदा माझ्या हातून धुतली गेली होती. दुसऱ्यांदा ते मला झालं नसतं. मी दोन्ही मनगटांना, मग मानेच्या मागे, जिथे अंबाड्याखालची कातडी सर्वांत उबदार असते तिथे, कुपी संपेपर्यंत लावलं. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी शेजारच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास लांब झाला. कित्येक आठवड्यांत ते इतके गाढ झोपले नव्हते. झोपेत त्यांचा हात पलंगाच्या काठावर आला आणि उघडा राहिला.

ऊन कलल्यावर मी उठले. दिवेलागणीची वेळ झाली होती. देवघरापाशी उभी राहून मी समईत तेल घातलं, वात सारली, काडी ओढली. ज्योत वर आली तशी मनगटांना आच लागली आणि आतापर्यंत त्वचेत दडून बसलेलं सगळं एकदम सुटलं. पुढची खोली, जिना, दारापर्यंतचा काळोख, सारं भरून गेलं. माझाच श्वास मला परका लागला. मी हलले नाही. हलले तर कुणाचा तरी तोल जाईल असं वाटत राहिलं.

मागे कुलपात किल्ली फिरली. नेहमीपेक्षा लवकर. बूट काढल्याचा आवाज आला, एकच बूट. दुसऱ्याचा आलाच नाही. दार उघडं राहिलं असावं, कारण ज्योत माझ्याकडे वाकली. मी पाठमोरी उभी होते, हात अजून वातीशी. पावलं चार आली, पाचवं पडलं नाही. ज्याला कसलाच वास येत नव्हता तो माणूस माझ्यामागे इतक्या जवळ उभा होता की त्याचा अडकलेला श्वास माझ्या मानेवर मोजता आला असता.

मला वळायचं होतं, नाव घेऊन सांगायचं होतं की मीच आहे. वळायच्या आधीच तो बोलला. आवाज माझ्या नवऱ्याचा नव्हता. तीन वर्षांच्या, परक्या गावात नुकत्याच उतरलेल्या पोराचा होता.

“आई?”